बाबांचं आडनाव हिब्रूत

आडनावांच्या बाबतीत शिक्केवाल्यांशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, हे त्या मजल्यावर नवा आलेला शिपाईसुद्धा आठवड्याभरात शिकायचा. इंग्रजी कागदांचं हिब्रू करून देणारे पाच-सहा भाषांतरकार त्या इमारतीत बसत. सगळे शपथ घेतलेले, सगळ्यांकडे सरकारी शिक्का. पण शिक्का उचलायच्या आधी कागद तीनदा वाचणारा प्राणी एकच. म्हणून त्यांचं नाव पडलं शिक्केवाले, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडायचंही.

एकदा एक तरुण आला, लग्न ठरलेला. जन्माचा दाखला घेऊन आला होता. त्याच्या इंग्रजी आडनावाचा मूळ अर्थ निघायचा ‘वाकड्या पायाचा’. बिचाऱ्याचे पाय चांगले धडधाकट. तो खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, “साहेब, हिब्रूत करतानाच जरा ‘ताठ चालणारा’ असं काही करता आलं तर? सासरचे लोक विचारतात हो.”

झालं! शिक्केवाल्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की अर्धा तास गेला म्हणून समजा.

“लग्नाच्या पत्रिकेवर तुला काय हवं ते छाप,” ते म्हणाले. “दुकानाच्या पाटीवर स्वतःला सरदार म्हणवून घे. मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकात तुझं आडनाव आलं, तर मी स्वतः त्याचा अर्थ हिब्रूत आणीन, कारण तिथे पोरांना हसू यायला हवं. पण जन्माचा दाखला? तिथे आडनाव जसं तोंडाने म्हणतात तसंच अक्षरांत उतरवायचं. अर्थ द्यायचाच झाला तर खाली टीप द्यायची, आणि टीप खरी द्यायची. तुझ्या पणजोबाचे पाय वाकडे होते तर होते. ते सरळ करायचा मला अधिकार नाही.”

पोरगा कानकोंडा होऊन गेला. समोरच्या खोलीत बसणारी शिष्या, म्हणजे याच शिक्केवाल्यांच्या हाताखाली शिकून आता स्वतःचा शिक्का मिळवलेली बाई, दारातून हे ऐकत होती. ती म्हणाली, “सर, त्याला चहा तरी विचारायचात.”

नाकाने कांदे सोलावेत तर ते शिक्केवाल्यांनीच. कारण साऱ्या शहरात कागदावर आडनाव सरळ करून घेतलेला माणूस कोणी असेल, तर तो हाच होता.

त्यांचं मूळ आडनाव इंग्रजीतलं एक जुनं आडनाव होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर चिंध्यावाला. नुसतं नावाला नव्हे. आजोबांपासून धंदाच तो. जुने कपडे विकत घ्यायचे, बटणं आणि शिवणी काढायच्या, सुती वेगळं, लोकरीचं वेगळं करायचं, आणि फाडून यंत्रं पुसायच्या फडक्यांचे गठ्ठे कारखान्यांना द्यायचे. बाबा त्या वखारीत दिवसभर बसायचे आणि डोळे मिटून नुसत्या बोटांनी कापड ओळखायचे. मुलगा शाळेतून वखारीवरून घरी यायचा, तेव्हा समोरच्या फुटपाथवरून यायचा. त्याच्या कपड्यांना वखारीचा तो कुबट, घामट वास आहे असं वर्गातली मुलं म्हणायची. एकदा शाळेत बाबा डबा द्यायला आले तेव्हा मित्राने विचारलं, “कोण रे?” हा म्हणाला, “आमच्याकडे कामाला आहेत.” बाबांनी ऐकलं की नाही, हे त्याला आजवर कळलेलं नाही. विचारायची छाती कधी झाली नाही.

मग शिकला, हिब्रू शिकला, या शहरात आला. इथे कागदपत्रं करायची वेळ आली तेव्हा तो एका थोरल्या भाषांतरकाराकडे उमेदवारी करत होता. धंद्याचा नियम असा, की स्वतःच्या किंवा घरच्यांच्या कागदावर स्वतः शिक्का मारायचा नाही, दुसऱ्याने वाचून मारायचा. याने आपल्या जन्माच्या दाखल्याचं भाषांतर टाइप केलं. आडनावाच्या जागी बोटं थांबली. आणि मग त्याने ना उच्चार लिहिला, ना अर्थ. त्याने हिब्रूतला रेशमासाठीचा शब्द लिहिला. स्वतःच्या नावापुढे लिहिला, बापाच्या नावापुढेही लिहिला, आणि खाली टीप दिली: ‘मूळ आडनावाचे प्रचलित भाषांतर.’ थोरल्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. ते म्हणाले, “तू केलंयस ना? मग मी काय बघायचं त्यात?” आणि शिक्का मारला.

त्याला सत्तावीस वर्षं झाली. थोरले गेले. त्या कागदावर ओळखपत्र निघालं, लग्न लागलं, घर झालं. बायको इथलीच, ती त्या आडनावाने मिरवली. मुलगी झाली. तिने चौथीत निबंध लिहिला, ‘माझे पणजोबा रेशमाचे व्यापारी होते’, आणि बाईंनी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. शिक्केवाले घरी टाळ्या वाजवत बसले. दुसरं काय करणार? तिथेच सांगायला हवं होतं म्हणा. पण खोटं जुनं झालं की त्याच्यावर घर बांधलेलं असतं, आणि पाया उकरायचा म्हणजे आत झोपलेल्या माणसांना उठवावं लागतं.

आणि मग, आई गेल्यावर, बाबा आले.

वय एक्याऐंशी. एक सुटकेस, एक हातपिशवी. पुढे राहायचा कायमचा परवाना काढायचा होता. तात्पुरत्या परवान्याची मुदत महिनाअखेर संपत होती. त्याआधी अर्ज धरला गेला नाही, तर म्हाताऱ्याला परत त्या रिकाम्या घरात जावं लागणार होतं, जिथे आता दार उघडायलाही कोणी नव्हतं.

दारातच बाबांनी पाटीवर हात फिरवला. पितळी पाटी, हिब्रू अक्षरं. “हे आपलं नाव का रे?”

“हो, बाबा.”

“अरे वा! किती आटोपशीर दिसतंय. इंग्रजीत केवढं लांबलचक आहे.” आणि रुमाल काढून त्यांनी पाटी पुसली.

शिक्केवाल्यांना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. जमिनीला काय पडलंय? ते सुटकेस घेऊन आत गेले.

बाबांच्या कागदांना शिक्केवाले स्वतः हात लावू शकत नव्हते. ते शिष्येकडे गेले. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, आईच्या मृत्यूचा दाखला. तिने दोन दिवसांत काम केलं, शिकवणाऱ्याला अभिमान वाटावा असं केलं. आडनाव उच्चारात, एकेक अक्षर तोलून. खाली टीप: ‘व्यवसायवाचक जुने इंग्रजी आडनाव. अर्थ: चिंध्या गोळा करणारा.’

तो कागद शिक्केवाल्यांनी उभ्याउभ्याच वाचला. मग दार लावून घेतलं.

“ही टीप काढता येईल का?”

“काढते की,” ती म्हणाली. “टीप सक्तीची नाही. तुम्हीच म्हणता, व्यवसायाचं आडनाव असेल तर द्यावी, म्हणून दिली.”

“आणि आडनावाच्या जागी… माझ्या कागदावर आहे ते घालता येईल का?”

ती आधी हसली. तिला वाटलं, सर परीक्षा घेतायत. शिकवताना त्यांना तशी खोड होतीच. मग तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. तिने एकदा पासपोर्टकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. हुशार बाई. दोन मिनिटांत सगळं तिच्या ध्यानात आलं.

“सर, माझ्याकडून नाही व्हायचं,” ती हळूच म्हणाली. “आणि तुम्ही विचारलंत, हे मी कोणाला सांगायची नाही.”

दोन मुस्कटात दिल्या असत्या तर परवडलं असतं. हे दुसरं वाक्य शिक्केवाल्यांना जास्त लागलं. ज्या पोरीच्या वह्यांवर त्यांनी लाल पेनाने ‘नावाला हात लावू नये’ असं लिहिलं होतं, ती आता त्यांच्यावर पांघरूण घालत होती. ते कागद तसेच, टिपेसकट घेऊन निघाले. लिफ्ट आली तरी जिन्याने उतरले, कारण लिफ्टमध्ये आरसा होता.

सोमवारी बापलेक परवान्याच्या कचेरीत गेले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, वरपर्यंत बटणं लावून. खिडकीत एक वयस्क कारकून होता, सावकाश वाचणारा, आणि असा कारकून भेटणं म्हणजे शिक्केवाल्यांचं नशीबच फुटकं. घाईचा माणूस असता तर निभावलं असतं. याने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक सत्तावीस वर्षांपूर्वीचा, मुलाच्या जन्माचा. दुसरा कालचा, बापाचा.

“या कागदाप्रमाणे तुमचे वडील रेशीमवाले,” तो म्हणाला. “आणि हे गृहस्थ चिंध्यावाले. मग तुम्ही बापलेक कसे?”

शिक्केवाले चष्मा पुसत म्हणाले, “एकाच आडनावाची दोन भाषांतरं आहेत. जुनी पद्धत, नवी पद्धत.”

“मला इंग्रजी येत नाही. पण रेशमाची चिंधी कुठल्या पद्धतीने होते हो?” कारकून थट्टा करत नव्हता, खरंच विचारत होता. “त्यांनाच विचारा ना. घरचा धंदा काय होता?”

आता दुभाषी कोण? तेच. बाप आणि खिडकी यांच्यामध्ये दुसरं कोणीच नव्हतं. ते बाबांकडे वळले. “बाबा, ते विचारतायत, आपला धंदा काय होता.”

बाबांचा चेहरा उजळला. इतक्या दूरच्या देशात सरकारी माणूस आपल्या धंद्याची चौकशी करतोय, म्हणजे काय! ते खिडकीकडे झुकले. “चिंध्यांचा. माझ्या वडिलांपासून. त्यांना सांग, आमच्या फडक्यात एकदाही बटण निघालं नाही. एकसुद्धा! यंत्रात बटण गेलं तर माणसाचं बोट जातं, म्हणून मी प्रत्येक शिवण स्वतः चाचपायचो. सांग त्यांना.”

शिक्केवाले कारकुनाकडे वळले आणि हिब्रूत म्हणाले, “कापडाचा व्यापार होता, म्हणतात.”

एवढं बोलताना त्यांचे कान तापले. आयुष्यात हजारो लोकांचे शब्द त्यांनी इकडचे तिकडे नेले होते. शिव्या नेल्या, माफ्या नेल्या, खोट्या साक्षीसुद्धा इमानाने नेल्या. आणि बापाचं एक बटण त्यांच्याच्याने नेववलं नाही.

कारकुनाने मान हलवली. त्याने तोडगा सांगितला. वडिलांनी गुरुवारी येऊन आपल्या समोर जाहीरनाम्यावर सही करायची, की मुलाच्या जन्माच्या दाखल्यावरचं नावच माझं आहे. सही हिब्रूत, त्याच नावाने. मग इथल्या सगळ्या नोंदी रेशमाच्या नावाने होतील आणि प्रश्न मिटेल. “आधीचं आडनाव मग राहणार नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा,” तो म्हणाला.

“काय म्हणाला?” बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं.

“एक सही राहिलीय. हिब्रूत करावी लागेल, गुरुवारी.”

“एवढंच ना? मग मला आपलं नाव लिहून दे. गिरवतो.”

आणि शिक्केवाल्यांनी लिहून दिलं. घरी जाऊन, स्वयंपाकघराच्या टेबलावर, चांगल्या ठसठशीत अक्षरांत. रेशीम. बाबांनी जवळ ओढून घेतलं आणि आपलं नाव म्हणून गिरवायला बसले. उजवीकडून डावीकडे लिहायची सवय नाही, हात थरथरणारा. एक पान, दोन पानं, वहीच भरत आली. मंगळवारी दुपारी शिक्केवाले घरी आले तर म्हातारा जिभेचं टोक बाहेर काढून लिहितोय आणि शेजारी मुलगी बसून कौतुक करतेय.

“बघा ना, आजोबांचं माझ्यापेक्षा छान येतंय!” ती म्हणाली. घरात बाबांशी सगळे इंग्रजीतच बोलायचे, ती पोरगीही मोडकंतोडकं बोलायची. मग तिने सहज विचारलं, “आजोबा, आपलं रेशमाचं दुकान केवढं होतं हो?”

बाबांनी पेन थांबवलं. “रेशीम? कुठलं गं रेशीम?”

“म्हणजे पणजोबांचं—”

“अगं, त्यांना ऐकू कमी येतं,” शिक्केवाले पटकन म्हणाले. “मोठ्याने बोलल्याशिवाय कळत नाही. आता त्रास नको देऊस, लिहू दे त्यांना.”

बाबांचे कान कसे होते म्हणाल, तर शेजारच्या घरात चमचा पडला तरी त्यांना चमचा की काटा ते कळायचं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. पुन्हा खाली मान घालून लिहायला लागले.

आणि पुढे जे झालं ते पाहून शिक्केवाल्यांना आपण कोण आहोत हे कळलं. बुधवारी सकाळी नातीने बाबांना चहा हवा का विचारलं, तर बाबांनी कानामागे हात धरला. “आँ? काय म्हणालीस?” तिने ओरडून विचारलं. “हां हां, चहा. दे.” दुपारी सुनेने हाक मारली, तर बाबा खिडकीबाहेर बघत बसले. तिसऱ्या हाकेला वळले. “सूनबाई, माफ कर गं, आताशा कान साथ देत नाहीत.” टीव्ही लावला तो इतका मोठ्याने की सगळ्या बिल्डिंगने बातम्या ऐकल्या.

मुलाने सांगितलं होतं की आपल्याला ऐकू येत नाही. का सांगितलं, ते बाबांना माहीत नव्हतं. विचारलंही नाही त्यांनी. पोराने चारचौघांत म्हटलंय म्हणजे त्याला काही अडचण असेल, तर त्याचा शब्द खाली पडायला नको, एवढाच हिशोब. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, मुलगा खोटा पडू नये म्हणून स्वतःच्या घरात बहिरा झाला होता. ना तक्रार, ना रुसवा. उलट ते सोंग वठवताना एकदा त्यांनी मुलाकडे बघून किंचित मान हलवली, म्हणजे ‘जमतंय ना?’ असं.

शिक्केवाले बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना तिथे त्या स्टुलावर कळलं. तरी बोलले का? नाहीत. बाहेर आले, तोंड पुसलं आणि म्हणाले, “उद्या नऊ वाजता निघू, बाबा.” मोठ्याने म्हणाले, कारण मुलगी खोलीत होती. माणूस किती खाली जाऊ शकतो, त्याला तळ नसतो हो.

गुरुवारी पुन्हा तीच खिडकी, तोच कारकून. जाहीरनामा तयार होता. बाबांनी खिशातून घडी केलेला कागद काढून समोर ठेवला, चुकायला नको म्हणून. कारकुनाने पेन दिलं आणि बाबांकडे बघून, नियम म्हणून, सावकाश हिब्रूत विचारलं, “तुम्ही हे स्वखुशीने करताय ना?”

बाबांना काय कळणार? पण त्यांना एवढं कळलं की कोणीतरी काहीतरी विचारतंय. त्यांनी कानामागे हात धरला. “आँ?”

“ऐकू येत नाही का त्यांना?” कारकुनाने शिक्केवाल्यांना विचारलं आणि तो आवाज चढवून, खिडकीतून अर्धा बाहेर येऊन, सगळ्या रांगेसमोर ओरडायला लागला. मागचे दोघेतिघे हसले. बाबा कानामागे हात धरून, ओशाळं हसत, तसेच उभे. एकदा मुलाकडे पाहिलं, आपलं बरोबर चाललंय ना म्हणून.

“त्यांना ऐकू येतं,” शिक्केवाले म्हणाले.

“काय?”

“त्यांना चांगलं ऐकू येतं. ते माझ्यासाठी बहिरे झालेत.” आणि मग सत्तावीस वर्षं तोंडात धरलेलं सगळं बाहेर पडलं, हिब्रूत, धडाधड. “तो जन्माचा कागद खोटा आहे. दोन पद्धती वगैरे काही नाही. या आडनावाचा अर्थ रेशीम कधीच नव्हता. भाषांतर मी केलं, शिक्का दुसऱ्याचा घेतला, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून न वाचता मारला. त्यांचा दोष नाही. यांचं आडनाव चिंध्यावाला आहे, आणि माझंही तेच आहे. यांना सही करायला लावू नका. आपण कशावर सही करतोय, हे यांना माहीत नाही.”

कारकुनाने पेन परत घेतलं. दोन्ही कागद त्याने एकमेकांवर ठेवले.

“हे मला वर कळवावं लागेल,” तो म्हणाला. “तुमचा शिक्का जमा करावा लागेल, बहुधा.”

“आणलाय.” पण काढताना शिक्का खिशाच्या अस्तरात अडकला. शेवटी काढून खिडकीत ठेवला.

“वडिलांचा अर्ज मी आज धरतो. नातं खोटं नाही, नाव खोटं आहे. पण तुमचा जबाब लिहून घेतो, आणि अर्जदार ते आहेत. त्यामुळे नियमाप्रमाणे तो त्यांना त्यांच्या भाषेत सांगितला पाहिजे, आणि त्यांना काही म्हणायचं असेल तर तेही लिहिलं पाहिजे. दुसरा दुभाषी आज नाही. तुम्हीच सांगा. आणि सगळं सांगा.” त्याने कोरा कागद ओढला. “कारणही लागेल. असं का केलंत?”

शिक्केवाल्यांनी कारण सांगितलं. हिब्रूत ते तीन शब्दांत झालं. मग ते बाबांकडे वळले.

आता इथे पळवाट नव्हती. बाबांनी कानामागचा हात अजून काढला नव्हता. शिक्केवाल्यांनी तो हळूच धरून खाली घेतला.

“बाबा, मी इथे आलो तेव्हा आपलं आडनाव बदललं. तुम्ही गिरवताय ते आपलं नाव नाही. त्याचा अर्थ रेशीम. घरात सगळ्यांना मी तेच सांगितलंय. सोमवारी तुमचं बटणाचं बोलणंही मी यांना सांगितलं नाही.” इथवर जमलं. पुढचं त्यांनी खिडकीच्या चौकटीकडे बघत सांगितलं. “ते विचारतात, का केलं. मी त्यांना सांगितलं… मला तुमची लाज वाटायची.”

बाबा ऐकत होते. त्यांनी घडी केलेला कागद उचलला, उलगडला, त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. म्हाताऱ्याला लागलं, चांगलंच लागलं. नाही लागलं असं कोण म्हणेल? त्यांनी कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला, आणि मग त्यांची नजर त्या खिडकीतल्या कोऱ्या कागदावर गेली, ज्याच्यावर कारकून पेन टेकवून बसला होता.

“हा ते सगळं लिहून घेणार का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“तुझ्या नावाने? सरकारात?”

“हो, बाबा.”

“मग त्याला सांग,” बाबा घाईने म्हणाले, “माझंही लिही म्हणावं. पोर लहान होतं. शाळेत मुलं चिडवायची त्याला, मला माहीत आहे. लहान होतं, कळत नव्हतं. असं लिही म्हणावं.”

“काय म्हणाले?” कारकुनाने विचारलं.

या वेळी शिक्केवाल्यांनी एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. “ते म्हणतात, पोर लहान होतं, कळत नव्हतं. असं लिहा.”

कारकुनाने जन्माचा दाखला पाहिला, भाषांतराची तारीख पाहिली, आणि पेन थांबवलं. “लहान म्हणजे? तेव्हा तुमचं वय काय होतं?”

शिक्केवाले खिडकीतल्या शिक्क्याकडे बघायला लागले. बाबांनी त्यांच्या दंडाला हात लावला.

“काय विचारतोय रे तो?”

“माझं तेव्हाचं वय विचारतोय, बाबा.”

“मग सांग की. त्यात लाजायचं काय?”

“एकोणतीस,” शिक्केवाले हिब्रूत म्हणाले, आणि कारकुनाने ते लिहून घेतलं.